मवाबी सून आणि हित्ती शिपाई



मी लष्करातून कर्नल म्हणून निवृत्त झालो. सॅपर, म्हणजे इंजिनिअर्समधला. पूल बांधणं, सुरुंग काढणं, रस्ते करणं यात तीस वर्षं गेली. आता देहरादूनला असतो. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही आणि हिब्रूही मला येत नाही. आज जे चार-दोन हिब्रू शब्द सांगणार आहे, ते जाणकारांच्या पुस्तकांतून शिकलेले आहेत. तरीही हा विषय मी मागून घेतला. का, ते आधी सांगतो.

माझ्या मुलानं केरळच्या ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं. मला ते पसंत नव्हतं. लग्नाला गेलो, पण पाहुण्यासारखा. तिचे वडील हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. निघताना त्यांनी कागदात गुंडाळलेलं एक जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मराठी बायबल. त्यांना स्वतःला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, माझ्यासाठी मुद्दाम मागवून घेतलं होतं. मी आभार मानले आणि घरी आल्यावर ते कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं. सात-आठ वर्षं ते तिथंच पडून होतं.

मग एका सुट्टीत मुलगा, सून आणि नात आमच्याकडे आली. नात तेव्हा पाच वर्षांची. जेवताना ती आईशी मल्याळममध्ये काहीतरी बोलली आणि मी ताटावरूनच ओरडलो, "या घरात मराठीत बोलायचं!" पोर घाबरली. सुनेनं एक शब्द न बोलता तिला उचललं आणि आत नेलं. रात्री माझ्या पत्नीनं मला एवढंच विचारलं, "थंबींसाठी तमिळ शिकलात ना?" मी मद्रास सॅपर्सचा. कमिशन मिळाल्यावर जवानांची भाषा शिकावी लागली, आणि मी ती हौसेनं शिकलो होतो. पत्नीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. झोप येईना, म्हणून कपाटावरचं ते पुस्तक काढलं.

तेव्हापासून ते मी तीनदा वाचलं आहे. त्यातला पहिला भाग, ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, तो मूळचा ज्यूंचा धर्मग्रंथ, हिब्रू भाषेतला. परक्या माणसाशी कसं वागायचं, परक्या घरातली मुलगी करायची की नाही, आणि 'आपला' कोण हे कशावरून ठरवायचं, हे प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतात. मी ते ऑपरेशन ऑर्डरसारखं वाचायला घेतलं होतं. पण लवकरच लक्षात आलं की या विषयावर तिथं एक हुकूम नाही. दोन आहेत, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. लष्करात असे दोन हुकूम आले तर आपण वरच्या कचेरीला विचारतो, आणि एक रद्द होतो. इथं दोन्ही जपून ठेवले आहेत. आज मला तुमच्यापुढे हाच वाद मांडायचा आहे.

आधी पहिला हुकूम. हिब्रूत परक्यासाठी दोन मुख्य शब्द आहेत. एक 'गेर', म्हणजे बाहेरून येऊन आपल्यात राहिलेला. दुसरा 'नोखरी', म्हणजे निव्वळ परका, परदेशी. मराठी बायबलात 'गेर'साठी पुष्कळ ठिकाणी 'उपरी' हा शब्द येतो. तो वाचून मी थांबलो. आपल्याकडे जुन्या काळी गावात दोन प्रकारचे शेतकरी असत. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, तो गावचा. उपरी बाहेरून आलेला. जमीन तोही कसायचा, सारा तोही भरायचा, पण मिरासदाराचे हक्क त्याला नसत. भाषांतर करणाऱ्यांनी शब्द नेमका शोधला.

आता मोशेचं नियमशास्त्र या उपऱ्याबद्दल काय म्हणतं? त्याचा छळ करू नका, कारण मिसर देशात तुम्हीही उपरीच होता. शेताची कापणी करताना कडेचं पीक ठेवा, आणि खाली पडलेला सरवा गरिबांना, विधवांना, अनाथांना आणि उपऱ्याला वेचू द्या. शब्बाथाच्या दिवशी त्यालाही विसावा द्या. त्याची सुंता झाली असेल तर वल्हांडणाच्या सणाला त्याला पंगतीत घ्या, आणि जन्मानं इस्राएली असलेल्याला आणि त्याला एकच नियम लावा. तालमूद नावाच्या पुढच्या काळातल्या ग्रंथात रब्बींनी मोजदादही दिली आहे. उपऱ्याशी नीट वागण्याची ताकीद नियमशास्त्रात ३६ वेळा आली आहे, आणि काहींच्या मते ४६ वेळा. माझा अनुभव सांगतो, जी सूचना वारंवार काढावी लागते, ती पाळली जात नसते!

आणखी एक गोष्ट. मिसरमधून बाहेर पडताना इस्राएल लोकांबरोबर मोठा मिश्र समुदायही निघाला, असं निर्गम या पुस्तकात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे राष्ट्र जन्माला आलं त्या रात्रीच त्यात इतर लोक मिसळलेले होते. पुढे कनान देश हेरायला जे बारा जण गेले, त्यांतले दोघेच न डगमगता परतले. त्यांतला एक कालेब. त्याला कनिज्जी म्हटलं आहे, आणि जाणकारांच्या मते कनिज्जी हे मूळचे बाहेरचे लोक.

आता दुसरा हुकूम. अनुवाद या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात सात राष्ट्रांची नावं घेऊन सांगितलं आहे, यांच्याशी सोयरीक करू नका. तेविसाव्या अध्यायात अम्मोनी आणि मवाबी लोकांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घ्यायचं नाही असं आहे. गंमत अशी की एदोमी आणि मिसरी मात्र तिसऱ्या पिढीत चालतात. ज्या मिसरनं गुलाम केलं त्याला तीन पिढ्या, आणि मवाबाला दहा! कारणही दिलं आहे. तुम्ही रानावनातून येत होता तेव्हा मवाबी आणि अम्मोनी लोकांनी तुम्हाला अन्नपाणी दिलं नाही, उलट तुम्हाला शाप द्यायला भाडोत्री माणूस आणला. हे कारण लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

सोयरिकीच्या बंदीचं कारण मात्र वेगळं. परक्या घरातली मुलगी आपले देव घेऊन येईल आणि तुमच्या मुलाला तिकडे वळवील, ही भीती आहे. आक्षेप रक्तावर नाही, पूजेवर आहे. म्हणून तर खुद्द मोशेची बायको सिप्पोरा मिद्यानी पुरोहिताची मुलगी. योसेफाची बायको मिसरी पुरोहिताची मुलगी. मोशेनं कूश देशची बायको केली म्हणून त्याच्या सख्ख्या बहिणीनं, मिर्यामनं, कुरकुर केली, तेव्हा अंगावर कोड मिर्यामच्या उठलं आणि सात दिवस छावणीबाहेर राहावं लागलं ते तिला. परकी भावजय आतच राहिली. लढाईत धरून आणलेल्या बाईशी लग्न करायचा नियमसुद्धा आहे. तिला महिनाभर आपल्या आईबापांसाठी शोक करू द्या, आणि नंतर ती आवडली नाही तर विकू नका, मोकळी करा. आजच्या नजरेला हा नियमही कठोर वाटतो. पण ज्या काळात विजयी फौजेला कुणी जाब विचारत नव्हतं, त्या काळात कुणीतरी शिपायाचा हात धरला, एवढं त्यात दिसतं.

शिपायांचा विषय निघालाच आहे, तर माझ्या आवडीच्या तीन माणसांकडे येतो. तिघेही लढवय्ये, तिघेही परके.

पहिला उरीया. जातीनं हित्ती, म्हणजे त्या सात राष्ट्रांच्या यादीतलं पहिलंच नाव. तो दावीद राजाच्या निवडक वीरांपैकी. त्याची बायको बथशेबा, एलियामची मुलगी, बहुधा इस्राएली घरातली. या लग्नाला कुणीही नावं ठेवलेली नाहीत. फौज राब्बा शहराला वेढा घालून बसलेली असताना राजा मागे राहिला आणि त्यानं बथशेबेला बोलावून घेतलं. तिला दिवस गेले. प्रकरण झाकावं म्हणून राजानं उरीयाला आघाडीवरून बोलावलं आणि घरी जाऊन विसावा घे म्हणाला. उरीया गेला नाही. कराराचा कोश आणि सगळी फौज उघड्यावर तंबूत असताना मी घरी जाऊन खाऊपिऊ कसा, असं त्याचं म्हणणं. तो राजवाड्याच्या दाराशी शिपायांबरोबर झोपला. शेवटी राजानं सेनापती यवाबाला पत्र लिहिलं, उरीयाला जिथं लढाई तुंबळ असेल तिथं पुढे घाला आणि मागे सरका. ते पत्र उरीयाच्याच हाती दिलं. त्यानं ते नेऊन पोचवलं, आणि तो मेला.

मंडळी, मी हुकूम दिले आहेत आणि घेतले आहेत. ही गोष्ट मला आजही सलग वाचता येत नाही. पण पाहा, ग्रंथ कुणाच्या बाजूनं उभा राहतो? पेशानं राजा, रक्तानं यहूदा वंशाचा, देवानं निवडलेला दावीद गुन्हेगार ठरतो. नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर सांगतो. आणि पुस्तकाच्या शेवटी दावीदाच्या ३७ वीरांची यादी येते, तिच्यात शेवटचं नाव आहे उरीया हित्ती. नंतर आलेल्या लेखनिकाला ते नाव गाळता आलं असतं. गाळलेलं नाही. याच यादीत अम्मोनी असा एक वीरही आहे. दहा पिढ्यांची बंदी असलेला अम्मोनी!

दुसरा इत्तय. हा गथ शहरचा पलिष्टी, म्हणजे गल्याथाच्या गावचा. दावीदाच्या मुलानं, अबशालोमानं, बंड केलं तेव्हा राजाला राजधानी सोडून पळावं लागलं. सहाशे गथकर त्याच्याबरोबर निघाले. राजा इत्तयला म्हणाला, तू काल आलेला परका, माझ्याबरोबर वणवण का करतोस, परत जा. त्यानं शपथ घेतली की मरण असो की जगणं, जिथं राजा तिथं मी. पुढच्या लढाईत दावीदानं फौजेचे तीन भाग केले, त्यांतला एक या परक्याच्या हाताखाली दिला. राजाचा पोटचा मुलगा उलटला होता आणि काल आलेला परका बरोबर होता. आमच्याकडे कसम परेड होते. प्रत्येक जवान आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घेतो, आणि त्या क्षणापासून तो पलटणीचा. त्याआधी तो कुणाचा होता, हे कुणी विचारत नाही.

तिसरा नामान, अरामच्या राजाचा सेनापती. त्याला कोड होतं. लुटीत धरून आणलेल्या एका इस्राएली पोरीनं सुचवलं म्हणून तो अलीशा संदेष्ट्याकडे आला आणि बरा झाला. यापुढे मी इस्राएलाच्याच देवाला मानीन म्हणाला, आणि त्यासाठी दोन खेचरांवर लादून तिथली माती मागून घेतली. पण एक अडचण त्यानं प्रामाणिकपणे सांगितली. माझा राजा रिम्मोन देवाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन वाकतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं. तेवढं क्षमा व्हावं. अलीशानं त्याला प्रवचन दिलं नाही. शांतीनं जा, एवढंच म्हणाला. नामान इस्राएली झाला नाही. त्यानं नोकरी सोडली नाही, देश सोडला नाही. आपल्या लष्करात अधिकारी स्वतः कोणत्याही धर्माचा असो, जवानांच्या देवळात, गुरुद्वारात, चर्चमध्ये त्यांच्याबरोबर उभा राहतो. मी वर्षानुवर्षं उभा राहिलो आहे. नामानाची अडचण मला समजावून सांगावी लागली नाही.

इथपर्यंत मी खुशीत होतो. ग्रंथ माझ्या सुनेच्या बाजूनं बोलतोय असं वाटू लागलं होतं. मग एज्रा आणि नहेम्या आले.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. इसवी सनपूर्व ५८६ च्या सुमारास बाबेलच्या फौजेनं यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, आणि लोकांना धरून नेलं. पुढे इराणी सम्राट कोरेशानं बाबेल घेतलं आणि परतायची मुभा दिली. परतलेल्यांची संख्या एज्राच्या पुस्तकात ४२,३६० दिली आहे. शिवाय गुलाम वेगळे. काही कुटुंबांना आपली वंशावळ सिद्ध करता आली नाही. काही याजकांची नावं नोंदवहीत सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपदावरून दूर केलं. देश गेला, राजा गेला, फौज गेली. उरला फक्त कागद, आणि आपण कोण ही आठवण.

अशा लोकांत एज्रा नावाचा शास्त्री आला. त्याला कळलं की पुष्कळांनी, याजकांनीसुद्धा, आजूबाजूच्या बायका केल्या आहेत. तो कपडे फाडून, डोक्याचे आणि दाढीचे केस उपटून बसला. तिथं एक नवा शब्दप्रयोग येतो, 'पवित्र बीज' मिसळलं आहे. बघा, आक्षेप पूजेवरून रक्तावर सरकला. नवव्या महिन्यात, भर पावसात सगळे पुरुष मंदिरासमोरच्या चौकात थरथरत बसले, पावसानं आणि भीतीनंही. ठरलं की परक्या बायका आणि त्यांची मुलं पाठवून द्यायची. जाहीरपणे आड आलेले दोघं आणि त्यांना साथ देणारे दोघं, अशी चारच नावं नोंदली आहेत. मग तीन महिने चौकशी चालली. दोषी पुरुषांची नावनिशीवार यादी आहे, शंभराहून जास्त नावांची. बायकांचं एकही नाव नाही. त्या पोरं घेऊन कुठं गेल्या, हे कुणीही लिहिलेलं नाही.

नहेम्या तर माझ्याच धंद्यातला. सम्राटाचा प्यालेबरदार, राज्यपाल होऊन आला आणि त्यानं यरुशलेमचा तट ५२ दिवसांत उभा केला. अर्धी माणसं बांधकामावर, अर्धी हत्यार घेऊन पहाऱ्यावर. बांधणाऱ्यांच्याही कमरेला तलवार, आणि इशारा द्यायला रणशिंगवाला जवळ. सॅपर म्हणून सांगतो, नियोजन अव्वल आहे. पण त्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय वाचा. अश्दोद, अम्मोन आणि मवाब इथल्या बायका केलेले यहूदी त्याला भेटतात. त्यांची निम्मी मुलं अश्दोदची भाषा बोलतात, यहूद्यांची भाषा त्यांना येत नाही. नहेम्या त्या बापांना शिव्याशाप देतो, काहींना मारतो, त्यांचे केस उपटतो.

ते वाचून मी पुस्तक मिटलं. निम्म्या पोरांना भाषा येत नाही! ताटावरून ओरडणारा माणूस मला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या पानावर भेटला होता.

नहेम्याला सहज खलनायक करू नये, हेही मला सांगायचं आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू, कुठून कुठून हे ऐकत असाल. भाषा घरातून कशी जाते ते तुम्हाला माहीत आहे. ती एका पिढीत जाते. आधी पोरं समजतात पण बोलत नाहीत, मग समजतही नाहीत. मूठभर लोक, मागे सत्ता नाही, चहूकडे मोठी राज्यं. अशा वेळी दार बंद करावंसं वाटणं हा निव्वळ द्वेष नसतो, ते भयही असतं. वेढ्यातली तुकडी अशीच वागते. आणि एज्राच्याच पुस्तकात, वल्हांडणाच्या प्रसंगी, आसपासच्या लोकांची अशुद्धता सोडून जे सामील झाले त्यांनाही पंगतीत घेतलं, असंही एक वाक्य आहे. दार पुरतं बंद नव्हतं. पण त्या निनावी बायकांसाठी ते बंद झालं, हे खरं.

आता रूथ. चारच अध्यायांचं पुस्तक. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. नामी नावाची बाई नवऱ्याबरोबर आणि दोन मुलांबरोबर पोट भरायला मवाबात जाते. मुलं मवाबी मुली करतात. नवरा मरतो, मग दोन्ही मुलं मरतात. नामी परत निघते आणि सुनांना माहेरी जायला सांगते. अर्पा रडून, निरोप घेऊन जाते. तिला कुणी दोष देत नाही. रूथ सासूला बिलगते. तुझं गाव ते माझं, तुझे लोक ते माझे, तुझा देव तो माझा, असा तिच्या बोलण्याचा आशय. तिची शपथ आणि इत्तयची शपथ एका वळणाची आहे. एक शिपाई राजाला ती देतो, एक सून सासूला देते.

बेथलेहेमात ती सरवा वेचायला जाते, उपऱ्यांसाठी ठेवलेला तोच सरवा. शेतमालक बवाज दया दाखवतो, तेव्हा ती विचारते, मी परकी असताना माझ्यावर ही मेहेरबानी का? ती स्वतःला जो शब्द वापरते तो 'नोखरी'चं स्त्रीरूप आहे. एज्राच्या पुस्तकात घालवून दिलेल्या बायकांसाठीही तोच शब्द आहे. आणि आता ते मवाबाचं कारण आठवा, त्यांनी अन्नपाणी दिलं नाही. इथं मवाबी पोर दिवसभर वाकून जव वेचते, संध्याकाळी झोडपते, दुपारी आपल्या जेवणातलं उरवून ठेवलेलंही आणते, आणि यहूदाच्या उपाशी म्हातारीला खाऊ घालते. दहा पिढ्यांच्या आरोपाला एका सुनेनं पदरातून धान्य ओतून उत्तर दिलं.

पुस्तक तिचं मूळ लपवत नाही. बेथलेहेमात आल्यावरही ते तिला पुन्हा पुन्हा मवाबी रूथच म्हणतं. वेशीवर दहा वडीलधारे बसवून बवाज तिच्याशी लग्न ठरवतो. मुलगा होतो, ओबेद. गावच्या बाया नामीला म्हणतात, ही सून तुला सात मुलांहून मोलाची. ओबेदाचा मुलगा इशाय, इशायाचा मुलगा दावीद. म्हणजे इस्राएलाच्या सगळ्यांत मोठ्या राजाची पणजी मवाबी. नियम दहा पिढ्यांचा, आणि चौथ्या पिढीत राजा!

काही अभ्यासक म्हणतात की हे पुस्तक एज्राच्या काळात, त्याला उत्तर म्हणून लिहिलं गेलं. काही ते त्याहून जुनं मानतात. माझ्यासारख्याला महत्त्वाचं इतकंच की संकलन करणाऱ्यांनी दोन्ही ठेवलं. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात तर थेट सांगितलं आहे की, देवाला येऊन मिळालेल्या परक्यानं असं म्हणू नये की देव मला आपल्या लोकांतून वेगळं करील. एज्रा आणि नहेम्या 'वेगळं करणं' यासाठी जे क्रियापद वापरतात, तेच हे. आणि यहेज्केल, जो स्वतः याजक आणि स्वतः हद्दपार, तो शेवटी लिहितो की तुमच्यात राहून ज्यांना मुलंबाळं झाली त्या उपऱ्यांनाही जमिनीच्या वाटणीत वतन द्या. आपल्या भाषेत, उपऱ्याला मिरासदार करा.

ग्रंथाबाहेरचा एक पुरावा सांगतो, कारण तो छावणीतला आहे. त्याच इराणी साम्राज्यात, नाईल नदीतल्या एलेफन्टाइन बेटावर यहूदी शिपायांचं ठाणं होतं. त्यांचे पपायरसवरचे कागद सापडले आहेत, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातले, म्हणजे एज्रा-नहेम्याच्याच शतकातले. त्यांत अनान्या नावाच्या मंदिराच्या सेवकानं एका मिसरी दासीशी केलेल्या लग्नाचा करार आहे, इसवी सनपूर्व ४४९ चा. मिब्ताह्या नावाच्या यहूदी बाईनं एका मिसरी बांधकामवाल्याशी लग्न केलं. त्याचं नाव एस्होर. पुढच्या कागदांत तोच नाथान या नावानं येतो. यरुशलेमात तट उभा राहत होता त्याच काळात सरहद्दीवरच्या ठाण्यात संसार असे चालले होते.

आता थोडं आपल्याकडचं. माझा जन्म अलिबाग तालुक्यातला. शेजारी बेने इस्राएलांचं घर होतं. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. बोली मराठी, आडनावं गावावरून. मी शाळेत असताना ते इस्राएलला गेले. घराला लागलेलं कुलूप मला आठवतं. मोठेपणी वाचलं की १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं लग्नं नोंदवणाऱ्यांना सूचना काढली होती. बेने इस्राएल वर किंवा वधू आली तर मागच्या पिढ्यांत मिश्र विवाह झाला होता का, हे शक्य तितकं मागे जाऊन तपासा. शतकानुशतकं कोकणात शब्बाथ पाळला आणि पोचल्यावर पणजीचा कागद मागितला! त्यांनी यरुशलेममध्ये धरणं धरलं. १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यूच आहेत, आणि सूचनेतून त्यांचं नाव काढलं गेलं. पण पुरतं सांगायचं तर त्यांच्यातही एके काळी गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. बाहेरच्या बाईच्या पोटची संतती काळी धरली जायची. ज्यांच्यावर बाहेर दार लागलं त्यांनी आत एक दार लावलेलंच होतं. हे त्यांच्यापुरतं नाही. मीही मराठी घरात जन्मलो आहे, आपल्या सोयरिकी कशा ठरतात ते जाणतो.

तर माझ्यापुरता मी काय निष्कर्ष काढला? हा ग्रंथ नहेम्याची काळजी खोटी ठरवत नाही. भाषा, सण, आठवण हे सगळं राखावं लागतं, आपोआप राहत नाही. पण राखायचा मार्ग म्हणून त्यानं पोरांच्या बापांचे केस उपटले, आणि त्यानं एकही मूल भाषा शिकलं असं लिहिलेलं नाही. नामीनं काहीच सक्ती केली नाही, उलट परत जा म्हणाली, आणि तिचं घर टिकलं.

माझी सून रूथ नाही. तिनं आपले लोक सोडले नाहीत, रविवारचं चर्च सोडलं नाही. तिनं का सोडावं? नामानाला अलीशानं जे दिलं ते मी तिला देऊ शकतो. ती क्षमा मागायची वाट मी बघितली नाही. मागायची मलाच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीसमोरच मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अप्पा, चहा गार होतोय." एवढंच.

हल्ली संध्याकाळी फोनवर मी नातीला मराठी गोष्ट वाचून दाखवतो, आणि ती मला मल्याळमचे पाच शब्द शिकवते. तमिळचा उपयोग होतो. तिची मराठी अजून मोडकी आहे. मला अजून वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. परवा रूथची गोष्ट वाचत होतो. तिनं विचारलं, "आजोबा, सरवा म्हणजे काय?" मी म्हटलं, शेतात मुद्दाम मागे ठेवलेलं धान्य, जे आपलं नाहीत त्यांच्यासाठी. पलीकडून सुनेचा आवाज आला, ती तिला तेच मल्याळममध्ये सांगत होती. मी ऐकत राहिलो.